तेरा क्विंटल शेजारी

बांधकाम परवानगीच्या अर्जात जागेसाठी दोनच रकाने असतात, लांबी आणि रुंदी. माझ्या जागेला सात बाजू आहेत. ग्रामसेवकांनी नकाशा उभा धरला, आडवा धरला, उलटा करून पाहिला आणि शेवटी मलाच विचारलं, "बाई, यातली लांबी कोणती?"

मी म्हटलं, "तुम्हाला आवडेल ती घ्या."

"तसं न्हाई चालत. कॉम्प्युटर चौकोन मागून राह्यला."

चौतीस वर्षं मी टेंभुर्णीच्या शाळेत पोरांना चौकोन, त्रिकोण आणि वर्तुळ शिकवलं. निवृत्तीनंतर स्वतःच्याच जागेला यातलं एकही नाव देता येऊ नये, ही नामुष्की सोपी नव्हती. घराच्या मागे ही जागा आहे. दक्षिणेला शेजारच्या साळूबाईची भिंत पोट पुढे काढून उभी आहे. पूर्वेला गल्ली वळते आणि वळता वळता आमचा एक कोपरा घेऊन जाते. उत्तरेचा तुकडा विजेच्या डीपीने खाल्ला. पश्चिमेला बंद पडलेला हातपंप आहे, जो सरकारी असल्यामुळे चालतही नाही आणि हलतही नाही. या सगळ्यांनी आपापलं घेऊन जे उरलं ते आमचं. आमच्या साहेबरावांनी चौऱ्याऐंशी साली ते विकत घेतलं, तेव्हा मोठ्या अभिमानाने म्हणाले होते, "प्रभा, चौकोनी जागा काय, कुणीही घेतं."

ते गेले त्याला अकरा वर्षं झाली. जागा अजून तशीच आहे.

शेवटी ग्रामसेवकांनी अर्ज हातानेच भरला. लांबीपुढे लिहिलं, 'आहे.' रुंदीपुढे लिहिलं, 'आहे.' आणि म्हणाले, "पुढचं पुढं बघू."

पण पुढचं ठरलेलं होतं. माझी झोपायची खोली आणि संडास वरच्या मजल्यावर आहेत, आणि गुडघे माझ्याजवळ. फेब्रुवारीत मी जिन्याच्या चौथ्या पायरीवरून पहिलीवर एकदम आले. काही मोडलं नाही, पण साळूबाईने आरडाओरडा असा केला की तो पुण्यापर्यंत पोचला. पुण्याला माझा मुलगा राजानंद असतो. तो कॉम्प्युटरच्या कामांच्या चाचण्या घेतो. म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या कामात काय चुकलं ते शोधतो आणि त्याचा त्याला पगार मिळतो. लहानपणी हेच तो माझ्या स्वयंपाकात फुकट करायचा.

तो फोनवर म्हणाला, "आई, आता पुण्यालाच चल."

मी म्हटलं, "मागच्या जागेत खाली एक खोली बांधते. संडास, न्हाणी, सगळं खाली. मग जिना कशाला लागतोय?"

"त्या जागेत? मोरीचं काय झालं होतं?"

हा घाव वर्मी लागला. अठ्ठ्याण्णव साली त्याच जागेत आम्ही मोरी बांधली होती. आमच्याकडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते. दोन पावसाळ्यांत मोरीची भिंत वरपासून खालपर्यंत उलली. एका सकाळी मी अंगावर तांब्या ओतत असताना भिंतीतून साळूबाईचा आवाज आला, "बाई, आज नळाला पाणी आलंय का हो?" मी होय म्हणाले. दुसरं काय म्हणणार? मान गेली तरी शेजारधर्म सुटत नाही.

राजानंद म्हणाला, "इंजिनीयरकडून लेखी आण. ती जमीन खोलीचं वजन पेलते, असं सहीनिशी. मेच्या तिसऱ्या रविवारी मी येतो. कागद असला तर खोली बांधू. नसला तर तू माझ्याबरोबर पुण्याला."

मी पुण्याला दोनदा राहून आले आहे. सातवा मजला. सून पायल गुणी आहे, तक्रार नाही. पण तिथे दिवसभर दाराची बेल वाजते ती सामान घेऊन येणाऱ्या माणसांची, आणि ते आत येत नाहीत. बहात्तर वर्षं मी उघड्या दाराच्या घरात राहिले. बंद दाराआड बसून, कोण नाही आलं हे मोजत बसायचं म्हणजे माझ्या दृष्टीने शिक्षाच. शाळेत मी पोरांनाही कधी एवढी शिक्षा दिली नाही.

तर, कागद हवा होता.

गावात बातमी पसरायला माझ्या घरी कुणी यावं लागत नाही, साळूबाई पुरते. दुसऱ्या दिवशी माऊली मिस्त्री आला. हा माझा विद्यार्थी, सातवीत दोनदा बसलेला. तो जागेत फिरला, पायाने माती उकरली, तोंडातली सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात घेतली.

"बाई, ही माती दगाबाज हाय. मुरूम लागंपर्यंत खांदायचं, मंग बिनघोर."

"किती खोल?"

"ते लागल्यावर कळंल."

"आणि नाही लागला तर?"

"मंग हीर म्हणून वापरा."

आडत दुकानवाले राधेश्यामजी आले. त्यांनी गोमुखी जागा शुभ आणि वाघमुखी अशुभ, हे समजावून सांगितलं आणि मग बराच वेळ नकाशाकडे पाहत राहिले. म्हणाले, "बाई, ही तर उंटमुखी आहे. याचं काय फळ, पोथीत बिलकुल दिलेलं नाही." मी त्यांना चहा दिला. माझ्या वडिलांनी छप्पन साली घरातले देव पाण्यात सोडले, तेव्हा दिशांची भीतीही त्यांच्यासोबत सोडली होती. उंटाची कशाला धरू?

पण राधेश्यामजी मनाने चांगले. माती तपासायची आहे म्हटल्यावर ते म्हणाले, "मी उद्या जालन्याला चाललो. द्या, तपासून आणतो." मी पितळी डब्यात माती भरून दिली. आठ दिवसांत सही-शिक्क्याचा कागद आला. मी तो न वाचताच फोटो काढून राजानंदला पाठवला. खाली लिहिलं, 'घे तुझा पुरावा.'

पाच मिनिटांत फोन. "आई, हा हरभऱ्याचा रिपोर्ट आहे."

मी चष्मा लावला. नत्र कमी. स्फुरद मध्यम. पालाश भरपूर. शिफारस: एकरी दोन गाड्या शेणखत टाकून हरभरा घ्यावा.

राधेश्यामजींचा काही दोष नव्हता. आमच्याकडे माती डब्यात घालून जालन्याला जाते ती पिकासाठीच. तिच्यावर कुणी झोपणार आहे, असं ऑफिसातल्या माणसाच्या मनात तरी का यावं? पण पुढचे चार दिवस जो तो मला, "बाई, खोलीला खत घातलं का?" असं विचारत होता. साळूबाईने तर हरभऱ्याचं बियाणं मूठभर आणून दिलं. वर म्हणाली, "घाटे आले की आम्हाला बी द्या."

या मानहानीतून मला बाहेर काढलं सायरने. सायरबाई म्हणजे माझी पहिलीपासूनची मैत्रीण. त्यांचं कापडाचं दुकान पाच पिढ्यांपासून टेंभुर्णीत आहे. घरात ती मारवाडी बोलते, दुकानात हिंदी, आणि भांडते मराठीत. सायरची नात नेहल संभाजीनगरला इंजिनीयरिंगचं पुढचं शिकते. सायरने तिला धरून आणलं.

"हिला विचार, प्रभा. ही जमिनीचंच शिकते. एवढा खर्चा केला, आता जरा कामाला येऊ दे."

नेहल मागच्या दारात उभी राहिली आणि जागा पाहून तिने दोन्ही हात गालांवर ठेवले. मला वाटलं, झालं.

ती म्हणाली, "आजी! अशी जागा मला अख्ख्या जिल्ह्यात मिळाली नसती!"

एकेचाळीस वर्षांत त्या जागेचं कुणी कौतुक केलं नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. नेहलचा अभ्यासच तो होता, वेड्यावाकड्या आकाराच्या उथळ पायाखाली जमीन किती भार पेलते. तिने मला जे समजावलं ते मला समजलं, म्हणजे तुम्हालाही समजेल. पाया चौकोनी असो, लांब पट्टीसारखा असो की गोल, त्याचं सूत्र पुस्तकात असतं. माझ्या जागेसारखा आकार पुस्तकात नसतो. तेव्हा आधी त्या आकाराचा मध्य काढायचा. खोलीचं वजन मध्यावर पडलं तर सगळी जमीन मिळून ते उचलते. बाजूला पडलं तर एकच कड दबते आणि मोरी होते.

"मोरी होते" हा शब्दप्रयोग तिचाच. एव्हाना तिलाही सगळं कळलं होतं.

मध्य काढायला तिने लग्नपत्रिकेचा पुठ्ठा घेतला, त्याचा हुबेहूब जागेसारखा आकार कापला, एका कोपऱ्यात टाचणी टोचून लटकवला आणि टाचणीवरून दोरा सोडून रेघ मारली. मग दुसऱ्या कोपऱ्यातून तसंच. दोन रेघा जिथे एकमेकींना छेदतील तो मध्य. रेघा छेदल्या, पण पुठ्ठ्याच्या बाहेर, हवेत. आकार मध्येच आत वळलेला असला की असं होतं म्हणे. आम्ही टेप घेऊन जागेवर मोजलं. माझ्या जागेचा मध्य साळूबाईच्या अंगणात, तिच्या धुण्याच्या दगडावर पडत होता.

साळूबाई साडी आपटत होती. ती थांबली. "काय मोजून राह्यल्या?"

नेहलने खरं ते सांगितलं. साळूबाई कमरेवर हात ठेवून उठली. "हा दगड माझ्या सासऱ्यानं आणलेला! बाई, तुमचा मध्य माझ्या दारात कसा आला? आज मध्य आला, उद्या भिंत येईल. तुमचा मध्य उचला आणि घेऊन जा!"

दोन दिवस आमचं बोलणं बंद होतं. तिसऱ्या दिवशी नेहलने हातपंपाकडची अरुंद शेपटी खोलीतून वगळली, पुठ्ठा कापला, पुन्हा लटकवला. सात बाजूंच्या पाच झाल्या आणि मध्य साळूबाईच्या दगडावरून निघून माझ्या जागेत दीड फूट आत आला. मी स्वतः भिंतीपाशी जाऊन सांगितलं, "साळू, नेला गं." ती म्हणाली, "मंग चहा टाका."

आता चाचणी. मध्याच्या ठिकाणी पाच फूट खड्डा घ्यायचा. तळाशी एक फूट चौरस लोखंडी पत्रा, त्यावर जाड लोखंडी खांब, खांबावर जमिनीला लागून फळ्यांचं मोठं मचाण. मचाणावर टप्प्याटप्प्याने वजन ठेवायचं आणि पत्रा किती दबतो ते घड्याळासारख्या यंत्रावर पाहायचं. चहूबाजूंनी टेकू, दोन बोटं अंतर ठेवून, म्हणजे मचाण कललं तर पडू नये. खोलीचं वजन एका चौरस फुटावर सव्वाचार क्विंटल येणार. त्याच्या तिप्पट ठेवून तासभर काटा स्थिर राहिला, तर नेहल लिहून देणार होती आणि तिचे सर सही करणार होते.

"म्हणजे तेरा क्विंटल," ती म्हणाली. "वाळूची पोती लागतील."

वाळू हा शब्द ऐकून माऊली हसायला लागला तो थांबेना. मी सांगते, आजकाल आमच्याकडे सोनं मिळेल, वाळू नाही. राधेश्यामजींकडे पोती मागितली. पण हंगाम संपला होता, गोदामात सोयाबीनच्या चार पोत्यांशिवाय काही नव्हतं. शिवाय चाचणीच्या आदल्या दिवसापासून खड्डा भिजवायचा होता, कारण काळी माती कोरडी असताना दगडासारखी वागते आणि खरा स्वभाव ओली झाल्यावर दाखवते. माणसांचंही तसंच असतं, पण तो विषय वेगळा. नळाला आठव्या दिवशी पाणी, आणि मी भर मे महिन्यात दोन टाक्या खड्ड्यात ओतते आहे, हे दृश्य पाहायला गल्ली जमली. साळूबाईने विचारलं, "हरभऱ्याला पाणी चाललंय का?"

त्या गर्दीकडे पाहूनच सायरला सुचलं. "प्रभा, ही एवढी माणसं बिनकामाची उभी आहेत. ह्यांनाच बसव ना मचाणावर."

नेहल म्हणाली, "दादी, वजन मोजलेलं पाहिजे."

"तर मोज. राधेश्यामकडे काटा आहे की."

शनिवारी संध्याकाळी सगळे आडत दुकानात. राधेश्यामजींच्या काट्याचे लाल आकडे वीतभर मोठे आहेत आणि रस्त्याच्या बाजूला तोंड करून आहेत, शेतकऱ्याला दुरून वजन दिसावं म्हणून. पुरुष चढले, उतरले. बायकांची पाळी आली तशी रांग जागीच थांबली. साळूबाई म्हणाली, "आधी त्या आकड्यावर पदर टाका." कुणाचा पदर टाकणार? शेवटी दुकानातली ताडपत्री आकड्यांवर टाकली, तिच्याखाली नेहल डोकं घालून बसली आणि कुणालाही सांगणार नाही, अशी शपथ तिने प्रत्येकीसमोर वेगळी घेतली. सायरने तर दुकानाचं शटर अर्धं ओढायला लावलं. पासष्ट वर्षांच्या मैत्रीत तिचं वजन मला आजही माहीत नाही.

बावीस माणसं झाली. त्यातली चौदा माझे विद्यार्थी. रविवारी, राजानंद यायच्या दिवशीच, सकाळी आठ वाजता मी जुनं हजेरीचं रजिस्टर काढलं आणि वजनासकट हजेरी घेतली.

"कल्याण, एकोणसत्तर."

"हजर, बाई."

"माऊली, चौऱ्याऐंशी."

"हजर. बाई, त्यात चपला धरलेल्या."

"चपला काढ."

नेहलने सूचना दिल्या. हलायचं नाही, मांडी बदलायची नाही, हसायचं नाही, शिंक येणार असेल तर आधी कळवायचं. ती स्वतः खड्ड्याच्या बाजूला काढलेल्या चरात उतरली. तिथे यंत्र, टॉर्च, वही. वरून ताडपत्रीची सावली. तिला वरचं काही दिसत नव्हतं, आम्हाला खालचं.

आधी सहा जण बसले, मग दहा, मग सोळा. प्रत्येक टप्प्याला तास-पाऊण तास. दर थोड्या वेळाने खालून नेहल आकडा सांगायची आणि "थांबला!" असं ओरडायची, की पुढचे बसायचे. साडेअकराला बावीसच्या बावीस वर. तेरा क्विंटल. मे महिन्याचं ऊन, गावातली मानाची माणसं माझ्या दारात मांडी घालून गप्प बसलेली, आणि आता अजून एक तास.

आता तुम्हीच सांगा. आपल्या दारात आपल्यासाठी बसलेल्या माणसाला कोरडं ठेवायचं असतं का? मी पाणी दिलं. मग चहा. चहाबरोबर चिवडा. खालून नेहल म्हणाली, "थोडा सरकला काटा. वाट पाहू." मला काळजी लागली की माझा हात आपोआप वाढायला जातो. मी सकाळी पिठलं-भाकरी करून ठेवली होती, चाचणीनंतर द्यायला. ती काढली. ठेचा, कांदा, ताक.

"अजून सरकतोय," नेहल खालून म्हणाली. आवाज उतरलेला.

मी आणखी एकेक भाकरी वाढली.

"आजी, थांबतच नाहीये!"

मी ताकाचं पातेलं घेतलं आणि आग्रह सुरू केला. जमीन जसजशी दबत गेली, तसतशी मी वाढत गेले. बावीस जणांत उपाशी एकटी सायर. तिचा त्या दिवशी उपवास होता. ती मचाणाच्या मध्यभागी डोळे मिटून बसली होती. घेतलं ते चार घोट उकळलेलं पाणी, तेही नेहलला विचारून.

साडेबाराला नेहल चरातून वर आली. चेहरा घामाने आणि मातीने भरलेला. मान खाली घालून म्हणाली, "आजी, जमीन बसतच चालली आहे. मी खोटं नाही लिहू शकत."

त्याच क्षणी गल्लीच्या वळणावर हॉर्न वाजला. राजानंदची गाडी, आणि तिच्यामागे टेम्पो. टेम्पोतून दोन हमाल उतरले. राजानंद मागच्या दारात आला आणि मचाणावरची पंगत पाहत राहिला.

"आई, कुणाचं लग्न आहे?"

नेहलने मान वर केली नाही. तिने तसंच सगळं सांगितलं. त्याने पूर्ण ऐकून घेतलं, मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. "आई, तू प्रयत्न केलास. ठरलं होतं ना आपलं?" माझ्या खांद्यावर कुणी असा हात ठेवला की मला वादच घालता येत नाही. साहेबरावांनाही ते माहीत होतं. मी मान हलवली. हमाल घरात शिरले. माझं लोखंडी कपाट माझ्यासमोरून गेलं. मग शिलाई मशीन. ज्वारीची कोठी. पुस्तकांची ट्रंक. घरातलं सामान दारातून बाहेर पडताना नेहमीपेक्षा लहान दिसतं.

नेहल शेवटचा आकडा टिपायला पुन्हा चरात उतरून मचाणाखाली वाकली होती. एकाएकी खालून तिचा आवाज आला. "हे काय पडलं? आई गं! डोळ्यात गेलं! ठेचा? वरून ठेचा कुठून आला?"

फळ्यांच्या फटीतून माऊलीच्या ताटातला ठेचा खाली गेला होता. ती एक डोळा झाकून वर आली. तिने मचाणावर पाहिलं. ताटं, वाट्या, ताकाचं पातेलं.

"आजी, हे सगळे जेवले?"

"मग? बाराला भूक लागत नाही का माणसाला?"

"किती भाकरी?"

"पन्नास-पंचावन्न. पिठलं वेगळं."

"आणि तू वाढत कुठून होतीस?"

"वरूनच की. खाली उभं राहून पंगत वाढता येते का?"

"म्हणजे मचाणावर उभी राहून? सारखी?"

"सारखी म्हणजे... आग्रह करायला गेले असेन चार-पाच वेळा."

नेहल वहीकडे पाहत राहिली. "तुझं वजन केलंय का आपण?"

कुणी केलं नव्हतं. बावीस माणसांचं वजन गावासमोर करून घेतलं, आणि बावीस माणसं, त्यांचं जेवण, पातेलं आणि मी, एवढं सगळं त्या मातीवर दर पाच मिनिटांनी चढून-उतरून नाचत होतं. शिवाय मी ज्या बाजूला वाढायला जाई, तिकडे सगळे ताट पुढे करून झुकत. काटा थांबणार कसा?

राजानंद पुढे आला. त्याच्या चेहऱ्यावर एक वेगळाच भाव होता, जो मी त्याच्या लहानपणी भाजीत मीठ कमी पडल्यावर पाहिला होता. "ही चाचणी रद्द," तो म्हणाला. "भार बदलत असताना घेतलेला आकडा धरता येत नाही. पुन्हा घ्या."

"आत्ता?" नेहल म्हणाली.

"मला लेखी हवंय, बरोबर किंवा चूक. पण लेखी हवंय."

पण पुन्हा घ्यायची कशी? हसनाबादला लग्न होतं, वऱ्हाडाची गाडी चौकात येऊन उभी होती. बावीसातले सतरा-अठरा जण हात धुऊन तिकडे पळाले, जेवलेले असूनसुद्धा. मचाणावर सायर उरली, डोळे मिटून.

तिने डोळे उघडले आणि टेम्पोकडे बोट केलं. "राजा, ते सामान जेवतं का रे?"

सगळं सामान परत उतरलं. राधेश्यामजींनी काटा हातगाडीवर आणला. कपाट, कोठी, ट्रंका, जातं, पाटा-वरवंटा, खलबत्ता, पितळेचा हंडा, एकेक करत मोजलं आणि मचाणावर रचलं. राजानंद स्वतः उचलून देत होता. मध्येच थांबून म्हणाला, "आई, तू जातं पुण्याला नेणार होतीस?" मी म्हटलं, "तू काही मागे ठेवू नको म्हणालास ना." भरलं नऊ क्विंटल सत्तर किलो. राहिलं तीनशे तीस. सायर मध्यभागी तशीच बसून होती. तिच्या शेजारी राधेश्यामजी आणि टेम्पोचा ड्रायव्हर. थोडं कमी पडलं, तेव्हा राजानंद बूट काढून काट्यावर उभा राहिला, आणि मग माझ्या कपाटावर चढून बसला.

"आता एक तास," नेहल म्हणाली. "आजी, तू त्या ओट्यावर बस. हात मांडीखाली."

मी बसले. वीस मिनिटं गेली. राजानंदने घाम पुसला. "आई, पहाटे चारला निघालो मी. पिठलं उरलंय का?"

"उरलंय."

"एक भाकरी दे ना."

माझे हात मांडीखालून निघाले. नेहल चरातून म्हणाली, "आजी!" हात परत गेले.

"आई, अगदी चतकोर."

"नाही."

"पाणी तरी."

"नाही म्हटलं ना, राजा."

सत्तेचाळीस वर्षांत मी त्या मुलाला कधी उपाशी ठेवलं नव्हतं. तो रुसून झोपला तर झोपेत भरवलं आहे. आणि आता तो समोर, कपाटावर, कोरड्या ओठांनी बसला होता. पिठल्याची कढई माझ्यापासून हातभर अंतरावर होती आणि मी साळूबाईच्या भिंतीकडे पाहत होते. दिलं असतं तर काटा हलला असता, आणि त्याला रोज भरवायला मी पुण्याला गेले असते. साळूबाई भिंतीवरून डोकावली. एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि पहिल्यांदाच काही न बोलता खाली गेली.

"शून्य," नेहल खालून म्हणाली. दहा मिनिटांनी पुन्हा, "शून्य." मग आणखी दोनदा, "शून्य." मग, "आजी, तास झाला. काटा थांबला आहे. मी आज लिहिते, उद्या सरांची सही आणते."

मी उठले, त्याच वेळी कढई उचलली. राजानंदला खाली उतरायचंही सुचलं नाही. तो कपाटावर बसूनच खात होता, मचाणावर उभी राहून मी वाढत होते. खाली काटा कुठे गेला ते आता कुणी पाहत नव्हतं. तिसऱ्या भाकरीला तो म्हणाला, "संडासाचं दार बाहेर उघडणारं ठेव. आणि न्हाणीत धरायला दांडा." मी हो म्हटलं.

ड्रायव्हर पाणी पिऊन आला. "साहेब, सामान गाडीत भरायचं ना आता?"

राजानंदच्या तोंडात घास होता. त्याने हात करून घराकडे दाखवलं. पुण्याला निघालेलं माझं बिऱ्हाड बारा फूट जाऊन परत आलं.